मिटल्या तोंडाचा पहारेकरी

मी माउथगार्ड बोलतोय. हो, बोलतोय. माझ्या जातीला हे शोभत नाही, कारण बॉक्सरचं तोंड मिटलेलं ठेवणं हाच माझा धर्म. वरच्या दातांवर बसायचं, ठोसा आला की अंगावर घ्यायचा आणि मालकिणीला एक अक्षर धड उच्चारू द्यायचं नाही. आयुष्यभर इमानेइतबारे हेच केलं. आता निवृत्तीत जीभ थोडी सैल सुटली, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म दातांच्या दवाखान्यात झाला. डॉक्टरांनी खुर्चीतल्या मुलीच्या दातांचा साचा घेतला, त्यावर तापवलेलं प्लास्टिक दाबलं, कडा घासून मऊ केल्या आणि म्हणाले, "आता घट्ट चावा." ती अशी काही चावली, की सासर कसं मिळालंय ते मला पहिल्याच दिवशी कळलं.

मुलीला आईवडील नव्हते. मावशीनं वाढवली होती. मावशी बॅटरीच्या कारखान्यात कामाला आणि राहायला कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीत. ती भाचीला 'चिमणे' म्हणायची. ही चिमणी समोरच्याचं नाक फोडायची, ती गोष्ट वेगळी.

चिमणी बॉक्सिंगमध्ये देशात पहिली आली आणि त्याच कारखान्याचे मालक पुष्पगुच्छ घेऊन दारात आले. त्यांनी तिच्या सरावाचा खर्च उचलला, रिंगमध्ये घालायला झळाळता झगा दिला, झग्याच्या पाठीवर बॅटरीचं चित्र काढलं आणि नवं नाव दिलं, 'वीज'. झग्यामागोमाग एक मॅनेजरही आला. लोण्यासारखा माणूस. त्याच्या हाताखाली वीजबाई जाहिरातींत बोलायला शिकल्या. गादीवर बोलल्या, केसांच्या तेलावर बोलल्या, टायरवरही बोलल्या. दारात साधी सायकल नव्हती, पण टायरबद्दलचं त्यांचं मत ठाम होतं. त्या काळात खेळाडूनं बोलू नये असं कुणालाच वाटलं नाही. गादी हा काही सामाजिक प्रश्न नव्हे.

मग वस्तीतल्या विहिरीच्या पाण्यात शिसं उतरल्याचं बाहेर आलं. पोरांची पोटं दुखायची, शाळेत शिकवलेलं डोक्यात राहीना. मावशीचं मनगट लुळं पडत चाललं. भरला कप हातातून निसटायचा. कामगार कारखान्याच्या गेटसमोर धरणं धरून बसले. रोज बोलायचे, घसा फोडून बोलायचे. ऐकायला फक्त गेट होतं.

एका सकाळी मावशी सरावाच्या हॉलमध्ये आली. मी बाकावर डबीत पडलो होतो, झाकण उघडं होतं, म्हणून सगळं ऐकलं.

"चिमणे, दोन शब्द बोल आमच्यासाठी," मावशी म्हणाली.

वीजबाई हातावरची पट्टी सोडत राहिल्या. उत्तर मॅनेजरनं दिलं. "मावशी, तुमचं दुःख मला कळतं. पण खेळाडूनं खेळावं. राजकारण आपला प्रांत नाही."

"पाणी पिणं राजकारण आहे का?"

"तसं नाही हो. पण हिला त्यातलं काय कळतं?"

"टायरमधलं कळतं ना," मावशी म्हणाली.

लोणी पहिल्यांदाच घट्ट झालेलं मी पाहिलं.

"मावशी, मी चुकीचं काही बोलले तर?" वीजबाईंनी हळूच विचारलं. "आणि झगा गेला तर मी सराव कशावर करू?"

"तुझ्यावर सक्ती नाही गं. तू डॉक्टर हो म्हणत नाही, पुढारी हो म्हणत नाही. लोक तुझ्याकडे बघतात, तेवढ्यात आमच्याकडे बोट दाखव. पुढचं आम्ही बोलू." एवढं बोलून मावशी डाव्या हातानं उजवा हात सावरत निघून गेली.

पुढची लढत वीजबाईंनी जिंकली. सूत्रसंचालकानं माइक पुढे केला. प्रशिक्षकांचे, प्रेक्षकांचे, बॅटरीचे आभार, असा क्रम पाठ करून घेतलेला होता. त्या बोलायला लागल्या, पण मी अजून तोंडात होतो. बाहेर पडलं नुसतं 'फफफ'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरनं तर सर्वांत जोरात. त्याच्या मते ते त्यांचं आजवरचं उत्तम भाषण होतं.

मग त्यांनी मला काढून तळहातावर घेतलं.

"माझ्या मावशीच्या वस्तीत पाण्यात शिसं आहे," त्या म्हणाल्या. "ज्या कारखान्याचा झगा मी घातलाय, त्याच्या भिंतीपलीकडे. कुणीतरी ते पाणी तपासा."

टाळ्या थांबल्या.

आणि जनता जनार्दन जागी झाली. काल 'ही गप्प का' म्हणणारे आज 'आधी का नाही बोलली' म्हणाले. काल 'काय ठोसा आहे' म्हणणारे आज 'खेळावर लक्ष दे' म्हणाले. काहींनी भूकंपावर आणि परीक्षांच्या निकालावरही मत मागितलं. ते दिलं नाही म्हणून त्यांना भित्री ठरवलं. हे सगळे जण स्वतः कशावर बोलले होते, ते मात्र मला अजून समजलेलं नाही.

झगा गेला. झग्याबरोबर मॅनेजर गेला. पण वर्षानुवर्षं सवड नसलेली सरकारी माणसं नमुन्याच्या बाटल्या घेऊन वस्तीत आली. विहीर बंद झाली, पाण्याचा टँकर सुरू झाला, पोरांचं रक्त तपासलं गेलं. कारखाना म्हणाला, शिसं आमचं नव्हेच. मावशीचं मनगट काही सुधारलं नाही.

त्यानंतरची लढत वीजबाई हरल्या. त्याच लढतीत मीही मधोमध फाटलो. लोक म्हणाले, बोलली म्हणून हरली. गप्प असतानाही त्या हरल्या होत्या, पण तेव्हा गप्प बसण्याला कुणी बोल लावला नव्हता.

पत्रकार परिषदेत वीजबाई आल्या त्या मावशीला शेजारी घेऊन. मी मुठीत होतो.

"बोलल्यामुळे हरलात, असं वाटतं का?" एका पत्रकारानं विचारलं.

"डावा हात खाली राहिला, म्हणून हरले," त्या म्हणाल्या आणि त्यांनी माइक मावशीपुढे सरकवला. "बाकीचं हिला विचारा."

पत्रकारांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी एकानं विचारलं, "भाची हरली, तुम्हाला कसं वाटतंय?"

"वाईट वाटतंय," मावशी म्हणाली. "आता पाण्याचं विचारा."

दोघा-तिघांनी वह्या मिटल्या. मग मागच्या रांगेतल्या एका बाईनं पेन उघडलं आणि विचारलं, "कधीपासून?" मावशी बोलत राहिली. अर्धे लोक उठून गेले, अर्धे बसले.

आता मी फाटक्या अंगानं डबीत असतो. वीजबाईंच्या दातांवर नवा गडी आलाय, चांगला आहे. जाता जाता एकच विनंती. एखाद्या खेळाडूला 'तू का बोलत नाहीस' असं खडसावून विचारायचं असेल तर जरूर विचारा, पण वाटेत गेटपाशी थोडं थांबून जा. तिथे बसलेल्यांच्या तोंडात माझ्यासारखं काही कोंबलेलं नसतं. ते अगदी स्पष्ट बोलतात.