शेठचा खाऊ

अंगणाच्या एका टोकाला उकिडवी बसून तिने चिमटीतला रताळ्याचा तुकडा पुढे धरला आणि पुन्हा हाक मारली, "शेठ, ये." दुसऱ्या टोकाला शेठ मजेत पंजा चाटत होता.

कुत्र्याचं हे नाव बाबांनी ठेवलं होतं, त्याच्या चालीवरून. गेल्या आठवड्यात पट्टा निसटला, तेव्हा हेच शेठजी रस्त्यावर धावले आणि एका मोटारीखालून थोडक्यात वाचले. सकाळी त्याला फिरवायला बाबाच नेत, आणि बाबांच्या गुडघ्यांना पळणं जमत नव्हतं. हाकेला येणं त्याला शिकवायलाच हवं होतं. त्यात प्राण्यांच्या डॉक्टरांनी शेठच्या वजनावरून तिलाच झापलेलं: बिस्किटं बंद, मीठ-साखर बंद, मनुका तर अजिबात नाही. म्हणून रुग्णालयातली ड्युटी संपवून आली की ती रताळी उकडायची, काचऱ्या मंद आचेवर वाळवायची, नखाएवढे तुकडे करायची. स्वतःच्या जेवणाचे एवढे लाड तिने कधी केले नव्हते.

आणि या महाशयांना भूकच नव्हती. तिने जवळ जाऊन तुकडा नाकाला लावला. शेठने तो सभ्यपणे तोंडात घेतला आणि तसाच खाली ठेवला. त्याच्या मिशांना काहीतरी चिकटलं होतं. तिने ते बोटावर घेऊन पाहिलं. कोंडा होता, आणि तो तिच्या चांगल्याच ओळखीचा होता. बाबांची साखर वाढल्यापासून ती त्यांच्यासाठी कोंड्याची बिनसाखरेची बिस्किटं आणत होती, आणि ती भराभर संपतात म्हणून मनातून खूशही होती.

ती तरातरा आत गेली. बाबा खिडकीपाशी पेपर वाचत होते. सदऱ्यावर रताळ्याचे कण, आणि खुर्चीखाली शेठच्या खाऊचा डबा, अर्ध्याहून जास्त रिकामा.

तिचा पारा चढला. रताळ्याने साखर वाढते हे काय आता सांगायचं, पोट भरलेला कुत्रा शिकणार कसा, मी एकटीने कुठे कुठे पुरायचं, असं सगळं तिने एका दमात सुनावलं. वॉर्डातल्या हट्टी पेशंटांना सुनावायची त्याच आवाजात. बाबांनी पेपरची घडी घातली.

"तो नुसता खाली बसला तरी तू शाबास म्हणतेस," ते म्हणाले. "वर खाऊ देतेस. मी चहातली साखर सोडली. गोळी चुकवत नाही. गुडघे दुखतात, तरी फिरून येतो. मला काय मिळतं? कोंड्याचं बिस्कीट."

डबा उचलून तिने फडताळात सगळ्यात वर ठेवला आणि गाजरं उकडायला घातली.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा अंगण, पुन्हा हाका. आज शेठचं पोट रिकामं होतं, पण त्याला कुंपणाखालची माती उकरायची होती. घसा बसेपर्यंत हाका मारून तिने हात टेकले.

बाबा पाण्याचा पेला घेऊन दारात आले. त्यांनी तिच्यासमोर गोळी घेतली आणि मग तोंड उघडून दाखवलं. पेशंटांसाठीचा हा नियम तिनेच घरी आणला होता. ती दर वेळी "ठीक" म्हणायची. ते आत जायला वळले.

"बाबा."

ते थांबले.

"शाबास," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून बारीक निघाला.

बाबा काही बोलायच्या आतच कुंपणाकडून धूळ उडवत शेठ धावत आला आणि दोघांच्या मध्ये शहाण्यासारखा बसून तिच्या हातातल्या वाटीकडे बघू लागला. तिने त्याला गाजराचा तुकडा दिला.

मग बाबांनीही हात पुढे केला.