माझ्या पोटात रम होती तेव्हा

मित्रांनो, सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करते. मी दारूची पिशवी नाही. माझ्या अंगाला अजूनही अधूनमधून तो वास येतो आणि लोक नाक मुरडतात, म्हणून हे आधीच सांगून टाकलं. मी गरम पाण्याची, तांबड्या रबराची, बऱ्यापैकी म्हातारी पिशवी आहे. माझी सारी हयात दुखऱ्या पोटांवर, पाठींवर आणि गुडघ्यांवर गेली. दारू माझ्यात भरली गेली ती एकदाच, फक्त साडेचार तास, आणि त्यात माझा काडीचाही दोष नव्हता.

माझा जन्म रबराच्या कारखान्यातला. तापलेल्या साच्यात रबर दाबलं गेलं आणि मी तयार झाले. अंगभर बारीक रेघा, टांगायला भोक आणि तोंडाशी पेचाचं बूच. मग एका कामगार बाईंनी माझ्यात हवा भरून मला पाण्याच्या टाकीत दाबून धरलं. माझ्या शेजारणीतून एक बुडबुडा निघाला, तर तिची रवानगी तिथल्या तिथे टोपलीत झाली. माझ्यातून एकही निघाला नाही. "ही टिकेल," बाई म्हणाल्या. माझ्याबद्दल इतकं खरं भाकीत पुढे कुणी केलं नाही.

औषधाच्या दुकानातून मला आईंनी विकत आणलं. तेव्हा त्या कुणाच्या आई नव्हत्या, इस्पितळात नुकत्याच लागलेल्या नर्स होत्या. पण पुढे घरात सगळे त्यांना आई म्हणू लागले, तशी मीही म्हणू लागले. त्यांचं लग्न झालं आणि मी त्यांच्याबरोबर सासरी गेले. बाबा सरकारी खात्यात वजनं आणि मापं तपासायचे. दुकानदाराचा तराजू खरा आहे की नाही, मापाचा तळ आतून उचललेला तर नाही, हे ते नुसत्या हाताच्या अंदाजाने ओळखायचे. त्यांना बघून भलेभले वाणी घाम पुसायचे.

ती वर्षं माझ्या वैभवाची होती. लेक झाली, तिला सगळे चिमी म्हणत. चिमीचं पोट नेमकं गणिताच्या पेपराच्या दिवशी दुखायचं आणि मला हातातलं काम टाकून तिच्यापाशी जावं लागायचं. आईंचा धाकटा भाऊ, म्हणजे चिमीचा मामा, नळाची कामं करायचा. दिवसभर लोकांच्या मोऱ्यांखाली वाकून त्याची मान आखडायची, तेव्हा मी मानेवर. बाबांचे पाय बाजारात हिंडून भरून यायचे, तेव्हा मी पायांशी. शेजारीपाजारीसुद्धा मला मागून न्यायचे आणि परत देताना माझं कौतुक करायचे. खोटं कशाला बोलू, मी थोडी शेफारलेच होते.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खुपायची. पस्तीस वर्षांच्या संसारात मला भरायचं काम एकट्या आईंनी केलं आणि दर वेळी ते दुसऱ्या कुणासाठी केलं. रोगी उचलून उचलून त्यांची स्वतःची पाठ गेली होती. पण "जरा पिशवी भरून द्या हो," असं त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि न म्हटलेलं ऐकायची सवय त्या घरात कुणालाच नव्हती.

मग घरात विजेवर तापणारी चपटी गादी आली. बटण दाबलं की ती गरम. पाणी तापवायला नको, बूच लावायला नको. मी न्हाणीघराच्या दारामागे खिळ्यावर गेले, तीही बूच घट्ट लावलेल्या अवस्थेत. आतल्या आत माझ्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या. किती वर्षं गेली ते मोजायचं मी सोडून दिलं होतं.

माझा उद्धार झाला तो चिमीच्या एका फोनमुळे. चिमी तोपर्यंत मोठी होऊन एका प्रवासी जहाजावरच्या बेकरीत पाव आणि केक भाजायला लागली होती. सहा वर्षं झाली होती तिला. तिथल्या नोकरमाणसांना एकदा आपल्या घरच्यांना सफरीवर नेता येत असे आणि आता तिची पाळी आली होती. आईबाबा आणि मामा, तिघांची नावं तिने दिली. फोनवर तिने नियम दोनदोनदा सांगितले.

"आई, ती विजेची गादी आणू नकोस. तापणारी वस्तू चालत नाही, काढून घेतात. आणि बाबा, नीट ऐका. बाहेरची दारू आणायची नाही. माणशी एक वाइनची सीलबंद बाटली चालते, तीसुद्धा पहिल्या दिवशी हातात धरून, दाखवून. मामालाही सांगा. तुमच्या नावासमोर माझं नाव लिहिलंय. काही निघालं तर मला बोलावून विचारतील."

"अगं, मला नियम शिकवतेस?" बाबा म्हणाले. "मी जन्मभर दुसरं काय केलं?"

गादी न्यायची नाही म्हटल्यावर आईंनी मला खिळ्यावरून काढलं, धुतलं, माझी चिकटलेली कातडी हळूहळू सोडवली आणि प्रवासाच्या बॅगेपाशी ठेवलं. मी इतकी आनंदले की काय सांगू! समुद्रावर जायचं आणि तेही आईंच्या पाठीसाठी.

पण मामाची नजर माझ्यावर पडली.

त्याचं असं होतं की बाबा आणि मामा दर शनिवारी गॅलरीत बसून दोन दोन पेले रम घ्यायचे. दोनच. तिसरा घेतला तर आईंचा आवाज यायचा. आता सफर आठ दिवसांची आणि मध्ये एक शनिवार.

"भाऊजी, जहाजावर मिळेल हो, पण आपली नाही मिळणार," मामा म्हणाला. "परक्या गल्लासातली आपल्याला लागत नाही. आणि ही पिशवी तर चाललीच आहे. म्हाताऱ्या बाईची शेकायची पिशवी कोण उघडून बघतो?"

"नको रे," बाबा म्हणाले. हे 'नको' मी नीट ऐकलं. खोटं माप ठेवणाऱ्या वाण्याने 'माप बरोबर आहे साहेब' म्हणावं, तसलं ते होतं.

निघायच्या सकाळी आई आंघोळीला गेल्या आणि मामाने नरसाळं काढलं. मला भांड्यांच्या साबणाने विसळलं आणि घटाघटा रम ओतली. बुचाच्या पेचावर नळाला लावतात ती पांढरी टेपही गुंडाळली आणि मला बॅगेच्या तळाशी सारलं. थेंब गळेल तर शप्पथ! मित्रांनो, जन्मभर मी लोकांच्या पोटावर बसले, पण माझ्याच पोटात असा गोळा कधी आला नव्हता. जहाजावर पोचलं की रम पाण्याच्या बाटलीत काढायची आणि संध्याकाळच्या आत मला धुवायची, आईंना कळणारसुद्धा नाही, असा दोघांचा बेत होता.

बंदरावर तपासणीची मोठी खोली होती. लोक रांगेने बॅगा तपासणी यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवत होते. टेबलामागे निळ्या गणवेशातली एक तरणी तपासनीस बाई बसली होती. आमची बॅग पट्ट्यावरून बाहेर आली, तशी तिने ती उघडली आणि नेमकं मलाच उचललं. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. मामा छताकडे बघून पंखे मोजायला लागला.

"काकू, ही शेकायची पिशवी भरलेली आहे?"

"भरलेली?" आईंना काही कळेना. त्यांनी पुढे होऊन मला हात लावला आणि मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की तसा मी पस्तीस वर्षांत पाहिला नव्हता. "अगंबाई! म्हणजे ह्यांनी भरली वाटतं! बघा ना हो, मी सांगितलंसुद्धा नव्हतं. प्रवासात माझी पाठ धरते ना, म्हणून. गार झाली एवढ्या वेळात, पण भरली तर खरी!"

त्या बाबांकडे वळून नुसत्या हसल्या. नव्या नवरीसारख्या लाजल्या म्हणा ना.

तपासनीस बाईही हसली. "माझ्या आईचीही पाठ अशीच आहे. थांबा काकू, शेजारी चहाचं मशीन आहे, त्यातलं कढत पाणी घालून आणते." आणि तिने माझ्या बुचाला हात घातला.

पकडलं जाण्याच्या भीतीने बाबा बोलले असतील, असं तुम्हाला वाटेल. मला तसं वाटत नाही. भीती तर त्यांना आधीपासून होती आणि तरी ते गप्प होते. ते बोलले आईंच्या त्या चेहऱ्याकडे बघून.

"बाई, थांबा. उघडू नका. त्यात रम आहे."

खोलीतले दोन-चार जण वळून बघायला लागले.

"माझी आहे," बाबा म्हणाले. "हिला काही माहीत नाही. वर बेकरीत माझी मुलगी काम करते, तिलाही नाही. तिने बजावून सांगितलं होतं. मीही तपासणीचंच काम केलंय, बाई. माझ्यापुढे असा माणूस आला असता तर मी लिहून घेतलं असतं. तुम्हीही लिहा. फक्त माझं नाव लिहा."

आईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. "मला वाटलं..." एवढंच म्हणाल्या आणि चष्मा पुन्हा घातला. माझ्या रबराला पाझर फुटत नाही म्हणून बरं.

तेवढ्यात मामाने खाकरून आपल्या बॅगेतून शाम्पूची भलीमोठी बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. "मग हीही घ्या," तो पडेल आवाजात म्हणाला.

तपासनीस बाईने बाटलीकडे पाहिलं आणि मामाच्या डोक्याकडे पाहिलं. तिथे औषधालाही केस नव्हता.

"काका, तुमच्या शाम्पूचं मी विचारणारच होते," ती म्हणाली आणि आई सोडून सगळी रांग हसली.

तिने वहीत दोघांची नावं लिहिली. रम मोरीत गेली, शाम्पूची बाटलीही गेली. रबराचा आणि रमचा मिळून जो वास सुटला, तो हुंगून मामाच म्हणाला की प्यायलो असतो तर टायर चावल्यासारखं झालं असतं. बाईने मला तीनदा विसळलं, कबूल केल्याप्रमाणे गरम पाणी भरलं आणि आईंच्या हातात दिलं. आई मला पाठीशी धरून जहाजाचा जिना चढल्या, पण बाबांशी एक शब्दही बोलल्या नाहीत. वर पांढरा एप्रन घालून चिमी उभी होती. तिच्या कानावर बातमी आधीच गेली होती. ती आईंच्या गळ्यात पडली आणि बाबांना म्हणाली, "खोली डावीकडे आहे." बस्स.

आता खरी गंमत ऐका. गरम पाणी भरलं की माझ्या रबरात मुरलेली रम दरवळायची. आई डेकवर आरामखुर्चीत मला पाठीला लावून बसल्या की आसपासचे लोक हळूच खुर्च्या सरकवायचे. दुसऱ्या दिवशी एक वेटर अदबीने वाकला आणि कुजबुजला, "काकू, आता थोडं लिंबूपाणी आणू का? बरं वाटेल." आई आधी अवाक झाल्या आणि मग इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षं इस्पितळात काढलेली ती शिस्तीची नर्स! बाबाही भीत भीत हसले. अबोला मात्र सुटला नव्हता.

आणि मला भरायला कोण नेत होतं माहीत आहे? बाबा. रोज दुपारी ते मला घेऊन बेकरीच्या मागच्या दाराशी जायचे. आत जायची त्यांना परवानगी नव्हती. चिमी दारात यायची. पहिल्या दिवशी तिने पातेलं नुसतं पुढे केलं. बाबांनी मला गळ्यापर्यंत भरलं, बूच लावताना पाणी उसळून बोटं पोळली. दुसऱ्या दिवशी ती न राहवून म्हणाली, "बाबा, दोन भाग पाणी, एक भाग रिकामं. मग दाबून हवा काढायची." वजनमापांतला तो जाणता माणूस लेकीकडून माप शिकला.

तिसऱ्या दिवशी दारात चिमी नव्हती. तिला मोठ्या साहेबांनी बोलावलं होतं, वही समोर ठेवून. बाबा मला छातीशी धरून तिथल्या पिठाच्या पोत्यावर बसले. मी रिकामी होते, त्यामुळे त्यांचं काळीज कसं धडधडत होतं ते मला साफ कळत होतं. आपल्या दोन पेल्यांपायी लेकीची सहा वर्षं बुडाली, असं ते स्वतःशीच पुटपुटत होते.

चिमी आली ती दारातच थांबली.

"साहेबांनी विचारलं, हे तुझे वडील का?"

"मग?"

"मग काय? म्हटलं, हो, माझेच." तिच्या ओठांच्या कडा हलल्या. "त्यांनी वही दाखवली. 'सापडले' या रकान्यात एकतीस नावं. 'स्वतःहून सांगितले' या रकान्यात दोन. तुम्ही आणि शाम्पूवाला मामा. साहेब म्हणाले, अशा माणसांना भट्टी दाखवायला हरकत नाही. आईला घेऊन या. आणि बाबा, पुन्हा असं केलंत तर मीच तुम्हाला समुद्रात ढकलीन."

असं म्हणून ती रडायला लागली आणि बाबाही.

तासाभराने सगळे बेकरीत होते. भट्टीतून पावांचे ट्रे बाहेर येत होते आणि चिमी आठ जणांना हुकूम सोडत होती. आई स्टुलावर बसून लेकीचे पिठाने माखलेले हात बघत राहिल्या. चिमीने गरम पाव मोडून त्यांच्या हातात दिला. तेवढ्यात बाबांनी मला हळूच त्यांच्या पाठीमागे सरकवलं. दोन भाग पाणी, हवा काढलेली, बूच घट्ट.

"ही भरायला कुणी सांगितलं?" आईंनी विचारलं. तीन दिवसांत बाबांना विचारलेला तो पहिला प्रश्न.

"कुणी नाही."

आईंनी मला पुढे ओढून बुचापाशी वास घेतला. एकदा नाही, दोनदा. मग मला पुन्हा पाठीशी ठेवून त्या निवांत टेकून बसल्या आणि हातातल्या पावाचा अर्धा तुकडा त्यांनी बाबांना दिला.

मित्रांनो, आम्हा रबरी पिशव्यांना फार काही लागत नाही. उकळतं पाणी ओतू नका, काम झालं की रिकामी करा आणि बूच उघडं ठेवून उपडी टांगा. एवढं केलंत तर आम्ही तुम्हाला जन्मभर पुरतो. पण तुमच्याही घरात एक माणूस असेल, जो आजवर सगळ्यांसाठी पाणी तापवत आला. तो स्वतःसाठी मागणार नाही. त्याच्या मागण्याची वाट बघत बसू नका. आजच पिशवी भरा आणि त्याच्या पाठीशी नेऊन ठेवा.