काच हातात असताना

बायको गेल्याचं त्याला कळलं तेव्हा काच चौकटीत बसून झाली होती. पट्ट्या ठोकून झाल्या होत्या, कडेची पुट्टी अंगठ्याने दाबून झाली होती, आणि चष्मा फडक्याला हात पुसत उगाच जिन्याकडे बघत उभा होता.

चष्मा म्हणजे त्याचा जोडीदार. काचा बसवायच्या धंद्यात दोघांची जोडी जुनी. जाड भिंगांमुळे सगळे त्याला चष्माच म्हणत, आणि तो स्वतःही फोन उचलला की ‘चष्मा बोलतोय’ असंच म्हणे.

मोठी काच न्यायची एक रीत असते. दोघं दोन टोकांना, आणि जिना चढताना त्यातल्या एकाला उलटं चालावं लागतं. उलटं चालणाऱ्याने मागे बघायचं नसतं. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की काच पिळते. त्याचे डोळे म्हणजे समोरचा माणूस. समोरचा म्हणतो पायरी, समोरचा म्हणतो वळण, आणि हा नुसता पाय टाकतो. या जोडीत उलटं चालायचं काम त्याच्याकडे होतं. चष्म्याला सरळ चालतानाच धड दिसत नाही, मग उलटं कुठे चालायला सांगू, असं तो चिडवायचा. मग डोळे म्हणून मला कशाला ठेवलंस, असं चष्मा विचारायचा.

त्या दिवशी खिडकीची मोठी काच वरच्या मजल्यावर न्यायची होती. मधल्या वळणावर त्यांनी ती ठोकळ्यांवर टेकवली आणि दम खाल्ला. खाली पिशवीत ठेवलेला त्याचा फोन सारखा वाजत होता. एकाने काच धरून ठेवायलाच हवी होती, म्हणून तो थांबला आणि चष्मा खाली गेला. येताना फार हळू आला. कुणाचा फोन होता, असं त्याने विचारलं.

“वर गेल्यावर सांगतो,” चष्मा म्हणाला. “उचल.”

त्याने उचलली. पायरी, चष्मा म्हणाला. पायरी. वळण. जरा डावीकडे. उंबरा. आवाज नेहमीचाच होता. तोंड उतरलं होतं, पण एवढं वजन घेऊन जिना चढताना कुणाचं उतरत नाही?

काच बसल्यावर चष्म्याने सांगितलं. इस्पितळाच्या चादरी जिथे धुतात त्या धुलाईखान्यात ती कामाला होती. इस्त्रीच्या यंत्रापाशी उभी असताना कोसळली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. उचलून नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

त्याने एकच विचारलं, की तुला तेव्हाच कळलं होतं का. चष्म्याने मान हलवली. “काय करणार? काच होती तुझ्या हातात.”

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. त्या जिन्यावर हात सुटला असता तर दोघांच्या चिंधड्या झाल्या असत्या. तरी त्याच्या मनातून एक गोष्ट जाईना. ती मरून पडली होती आणि तो अंगठ्याने पुट्टी दाबत होता. घरमालकीण बघायला आली तर तिला त्याने हसून सांगितलं होतं, की आता एक-दोन दिवस काचेला हात लावू नका.

पोरीला शाळेतून आणायला तोच गेला. शाळा घरामागच्या गल्लीत होती. बालवर्गापासून ती तिथेच शिकत होती, आणि हे तिचं तिथलं शेवटचं वर्ष होतं. अंगाने लहानखुरी, म्हणून आईने तिचं नाव मुंगी ठेवलेलं. त्याला फाटकाशी बघून तिने भुवया वर केल्या. आज तुम्ही कसे, काचा संपल्या का, असं विचारलं. संपल्या, तो म्हणाला. वाटेत ती बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीचं काहीतरी गाऱ्हाणं सांगत होती आणि तो हं हं करत होता. रस्त्यात नको, असं त्याने ठरवलं होतं. घरी पोचू दे. दप्तर उतरवू दे, पाणी पिऊ दे, खाली बसू दे. तिने हे सगळं केलं, मग त्याने सांगितलं.

ती लगेच रडली नाही. त्याच्याकडे बघत राहिली.

“तुम्ही शाळेत आलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

तो हो म्हणाला. तिने पेला खाली ठेवला आणि आतल्या खोलीत गेली.

त्यानंतर कितीतरी दिवस तिने त्याला काही विचारलं नाही. सांगेल ते काम करायची, वाढेल ते खायची. पण पूर्वी दिवसभर ज्या पोरीची टकळी बंद व्हायची नाही, तिच्या तोंडून गरजेपुरते शब्द पडू लागले. पाऊस येणार नाही, छत्री नको, असं त्याने म्हटलं तर ती खिडकीशी जाऊन आभाळ बघून यायची आणि छत्री घ्यायची. दूध अजून चांगलं आहे म्हटलं तर वास घेऊन बघायची. आई गेल्यावर पोरं असंच करत असतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

वर्ष संपताना तिच्या वर्गाच्या बाईंनी त्याला शाळेत बोलावून घेतलं. बाई वयाने मोठ्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या की पोरगी अभ्यासात ठीक आहे, पण मोठ्या शाळेचं नाव काढलं की गप्प होते. इथे एक खोली, एक मी. तिथे दर तासाला नवे शिक्षक, घंटा झाली की वर्ग बदला, दीड हजार पोरांत आपला जिना शोधा. आतापासून सवय लावा. दप्तर तिचं तिला भरू द्या. डबा विसरली तर धावत नेऊन देऊ नका. आणि मुख्य म्हणजे वाट. मोठी शाळा हमरस्त्याच्या पलीकडे आहे, तुम्ही काही रोज सोडायला जाऊ शकणार नाही.

ते खरंच होतं. धंद्यात सकाळचीच वेळ महत्त्वाची, चष्मा एकट्याने काच उचलू शकत नव्हता.

“हिची आई करून घेत होती ना?” बाईंनी विचारलं. “रविवारी दोघी दिसायच्या मला. काहीतरी खेळत चाललेल्या असायच्या.”

त्याला एवढंच ठाऊक होतं की रविवारी सकाळी मायलेकी बाहेर पडतात. विचारलं तर बायको म्हणायची, मोठ्या शाळेची तालीम चाललीय. तो कूस बदलून झोपायचा.

मग सुट्टीत त्याने ते काम अंगावर घेतलं. घंटेचं, जिन्याचं, नळाचं, स्वच्छतागृहाचं, सगळं त्याने तिला समजावून सांगितलं. कुणी ढकललं तर काय करायचं, हरवलीस तर कुणाला विचारायचं, तेही सांगितलं. रोज सकाळी तिला घेऊन तो त्या वाटेने निघायचा, आणि जिन्यावर चष्मा त्याच्यासाठी जे करायचा तेच तिच्यासाठी करायचा. म्हणजे डोळ्यात तेल घालून पुढचं सगळं सांगत राहायचा. इथे फरशी उचकटलीय. इथून मोटारी बाहेर काढतात. या कुत्र्याकडे बघायचं नाही, तो नुसता भुंकतो. पोरगी त्याच्या शेजारून चालायची, आणि त्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट आधी स्वतः निरखून बघायची. कुत्र्यापाशी तर चक्क थांबून त्याची साखळी किती लांब आहे ते बघून घ्यायची.

आणि हमरस्त्याच्या सिग्नलपाशी आली की उभी राहायची. दिवा हिरवा व्हायचा, माणसं पलीकडे जायची, तो म्हणायचा, चल, काही येत नाहीये. ती हलायची नाही. तो समजावायचा, मग आवाज चढवायचा, मग आवाज चढवला म्हणून मनातून खजील व्हायचा. पलीकडे शाळेची लांबच लांब भिंत दिसत असायची. दोघं तिथूनच परत फिरायची. सुट्टी संपत आली तरी यात काडीचा फरक पडला नाही.

एका संध्याकाळी चष्मा घरी आला. दुसऱ्या दिवशीच्या कामाचं बोलायला आलो असं म्हणाला, पण येताना पोरीसाठी कंपास घेऊन आला होता. पोरगी चहा घेऊन आली. काय मुंगीबाई, मोठ्या शाळेत तुडवून टाकतील हां तुला, शिंगं बांधून जा डोक्याला, असं तो म्हणाला. ती हसली नाही. कंपास उघडून बंद करून बघितली आणि म्हणाली, “काका, आई गेली ते तुम्हाला कधी कळलं?”

चष्म्याने त्याच्याकडे बघितलं. मग चष्म्यानेच सांगितलं, जिना, ठोकळे, फोन, सगळं. तुझ्या बापाच्या हातात काच होती म्हणून मी वर जाईपर्यंत बोललो नाही, म्हणाला. अजून त्याचा राग असेल माझ्यावर, पण मी तरी काय करू शकत होतो?

पोरगी बापाकडे वळली. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याकडे नीट बघत होती.

“आला होता राग?”

“आला होता,” तो म्हणाला. “अजून आहे थोडा.”

“माझ्या हातात तर काहीच नव्हतं,” ती म्हणाली.

चष्म्याने कप खाली ठेवला आणि चपला शोधायला उठला. बापाला तर तोंड वर करवेना. आपल्याबरोबर जे झालं तेच आपण तासाभरात पोरीबरोबर केलं, आणि हे आपल्याला आजवर सुचलं नाही. तेव्हापासून ती त्याचं कुठलंच सांगणं तपासल्याशिवाय घेत नव्हती. छत्री, दूध, कुत्रा, रस्ता. काही येत नाहीये, तो म्हणायचा. काही झालं नाही, अशाच तोंडाने तो त्या दिवशीही तिला हाताला धरून घरी घेऊन आला होता.

चुकलं माझं, तो म्हणाला. पोरीने मान हलवली. माफ केलं असं काही त्या मान हलवण्यात नव्हतं. पण नंतर भांडी पुसता पुसता ती आपण होऊन बोलू लागली. आई असं सांगत नव्हती, ती म्हणाली. आई डोळे मिटायची.

बायकोने ते त्याच्याच धंद्यातून उचललं होतं. घराबाहेर पडलं की ती डोळे मिटून पोरीच्या खांद्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, तुझे बाबा उलटे चालतात तशी मी, आता तू माझे डोळे. मग पोरगी सांगायची, आई, पायरी. आई, वळण. आई, सायकल, थांब. एकदा तिने मुद्दाम आईला खांबावर नेलं होतं, आणि कपाळाला टेंगूळ आलं तरी आईने डोळे उघडले नव्हते. नुसती म्हणाली होती, चष्मा बरा तुझ्यापेक्षा. दर रविवारी थोडं थोडं पुढे. शेवटच्या रविवारी दोघी सिग्नलपर्यंत पोचल्या होत्या.

“रस्ता पुढच्या रविवारी करू म्हणाली होती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फाटकाबाहेर पोरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. आयुष्यभर समोरच्याच्या सांगण्यावर पाय टाकलेला माणूस, त्याला वाटलं हे आपल्याला सहज जमेल. पायरी, ती म्हणाली. मग फरशी. मग कुत्रा आहे, पण बांधलेला आहे. तिचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. बायकोने हाच आवाज ऐकला असेल, हे त्याच्या मनात आलं आणि मिटलेल्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने पुसलं नाही. पुसायला गेलो तर तिला वाटेल की बघतोय.

सिग्नलपाशी ती थांबली. गाड्यांचा आवाज अंगावर येत होता.

“उघडाल तुम्ही,” ती म्हणाली.

“नाही उघडणार.”

ती बराच वेळ उभी राहिली. किती दिवे बदलले कुणास ठाऊक. मग म्हणाली, हिरवा झाला, चला. तिचा खांदा पुढे सरकला आणि तो पाठोपाठ निघाला. फुटपाथची कड उतरली. पायाखाली डांबर आलं. तेवढ्यात अगदी जवळ कुणीतरी हॉर्न दिला.

त्याने डोळे उघडले. अंगावर काहीच येत नव्हतं. एक टेम्पो रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या मागे नीट थांबलेला होता, आणि त्याचा चालक पुढच्या स्कूटरवर खेकसत होता. पोरीने सगळं बरोबर बघितलं होतं. पण तोवर त्याने तिला दंडाला धरून मागे खेचलं होतं, इतक्या जोरात, की तिच्या दंडावर बोटं उमटली.

ती रडली नाही की रागावलीही नाही. त्याचा हात दंडावरून सोडवला आणि म्हणाली, बघा, उघडलेत. मग दोघं घरी आली.

शाळा सुरू झाली त्या सकाळी चष्म्याने कामावर एक तास उशीर चालेल असं कळवलं. दप्तर तिने आदल्या संध्याकाळीच भरून ठेवलं होतं. डबा विसरली नाही. नवा गणवेश खांद्याला मोठा होत होता, आई असती तर तिने तो उसवून पुन्हा शिवला असता. सिग्नलपर्यंत ती पुढे आणि तो मागे अशी चालली. तिथे तिने न बघता हात मागे केला. त्याने तो धरला आणि दोघांनी उघड्या डोळ्यांनी रस्ता ओलांडला. तिच्याएवढी दुसरी पोरं एकटी, दोघं-दोघं पलीकडे पळत होती, काही जण या दोघांकडे बघत होते. शाळेच्या फाटकाशी तिने हात सोडला आणि गर्दीत शिरली. मागे वळून बघितलं नाही. तिसरी घंटा होईपर्यंत तो भिंतीपाशी उभा होता.

आता तो रोज तिला पलीकडे सोडतो आणि मग कामावर जातो. चष्मा काही बोलत नाही, गिऱ्हाइकं बोलतात. शाळेतले जिने तिला सापडतात, नव्या वर्गात तिला एक मैत्रीणही मिळाली आहे. रस्ता तिने अजून एकटीने ओलांडलेला नाही. तेवढं राहिलं आहे.