बर्फाच्या दांड्यावरचा बाण

मित्रांनो, मी बर्फाचा एक जुना दांडा आहे. जुना म्हणजे किती? तुमच्या पणजोबांचे पणजोबाही माझ्यापुढे कालचे पोर! हजारो हिवाळ्यांचे हिम थरावर थर साचले, दबले आणि त्यातून मी झालो. प्रत्येक थराने आपल्या काळाची थोडी हवा बुडबुड्यांत कोंडून घेतली. मग आम्ही गाढ झोपलो. झोपेत मला पृथ्वीची कूस बदललेली कळायची. कधी ती कुडकुडायची, कधी तापायची.

एका काकांनी पोकळ नळीच्या यंत्राने मला खोलातून वर काढले. माझे शेजारी तुकडे निघतानाच चुरा झाले. माझी वरची बाजू कळावी म्हणून काकांनी माझ्या अंगावर बाण काढला आणि मी शीतगृहात आलो. तिथे बर्फ वाचणाऱ्या ताईंनी बारा वर्षे माझे थर तपासले. ‘पूर्वी ऊब हळूहळू आली आणि झटक्यात गेली,’ असे त्यांनी लिहिले. माझे कौतुक झाले, मग सगळे मला विसरले.

एके दिवशी जुने तुकडे टाकून शीतगृहाच्या फळ्या रिकाम्या करायचे ठरले. काका आता तिथेच राखणदार होते. ते अडखळत म्हणाले, "ताई, मनाला खातंय. त्या दिवशी बोटं बधिर झाली होती. बाण उलटा पडला असेल तर?"

"काका, त्या बाणावर माझी बारा वर्षं उभी आहेत!"

"म्हणून तर तोंड उघडायचा धीर होत नव्हता."

बाणाचा भरवसा नाही, तर माझा काय उपयोग? माझी रवानगी थेट मोरीत! मी घाबरलो.

ताईंनी माझी एक पातळ चकती कापली. तिच्यात ज्वालामुखीच्या राखेची रेघ होती. राख पडताना जाड कण आधी खाली बसतात, बारीक मागून. भिंगाखाली जाड कण बाणाच्या टोकाकडे दिसले.

"उलटाच आहे," ताई खाली बसल्या. "म्हणजे ऊब झटक्यात आली, काका. एका माणसाच्या आयुष्यात."

त्यांनी स्वतःचे लिखाण स्वतःच खोडले. मला वाईट वाटले आणि त्यांचा अभिमानही वाटला. काकांनी नवा बाण काढला, मला फळीवर ठेवले. उरलेली ढलपी त्यांच्या तळव्यावर विरघळली आणि टिचटिच करत जुनी हवा सुटली. काका तळवा कानाशी धरून ऐकत राहिले.

मित्रांनो, तेव्हाची ऊब आपली आपण आली. आजची तुम्ही माणसे आणता आहात. चूक कळल्यावर ताई एक दिवसही थांबल्या नाहीत. तुम्हीही थांबू नका. आणि जाताना शीतगृहाचे दार तेवढे नीट लावून घ्या. मी अजून थोडा उरलो आहे.