माझ्या भिंतीतली चार भोकं

माझ्या डाव्या भिंतीला आतल्या बाजूनं चार भोकं आहेत. वर दोन, खाली दोन. वीतभर रुंदीची चौकट होते त्यांची. तीन भोकांच्या कडा कोरड्या आहेत, लाकडाच्याच रंगाच्या. खालच्या उजव्या भोकाभोवती मात्र नखाएवढं काळं वर्तुळ आहे, आणि तिथून एक तपकिरी ओघळ जमिनीपर्यंत उतरलेला आहे. तो पुसून जात नाही.

मित्रांनो, मी एक जुनी दवाखान्याची गाडी आहे. बडनेऱ्याच्या या आवारात माझी चाकं काळ्या मातीत रुतली आहेत. दारं तारेनं बांधलेली आहेत. लपाछपी खेळताना तुम्ही खिडकीतून आत डोकावता आणि एकमेकांना विचारता, "इथं काय होतं बे?" त्याचं उत्तर माझ्याजवळ आहे. पण गाडीला बोलता येत नाही, आणि माझ्या गोष्टीतला अर्धा त्रास त्यामुळेच झाला.

माझी चाकं आणि इंजिन लढाईसाठी बनली होती. लढाई संपली, लष्करानं माझा लिलाव केला आणि मी अकोल्याला पोचले. तिथं पुंजाजी मिस्त्रींनी माझ्यावर मेळघाटच्या सागवानाचं घर उभं केलं. दोन बाकं, औषधांचं कपाट, टपावर पाण्याची टाकी. टाकीखाली आत एक नळ, नळाखाली कल्हईचं तसराळं. तसराळ्यातलं पाणी बाहेर जायला शिशाची नळी होती. ती दिसू नये म्हणून मिस्त्रींनी भिंतीच्या दोन फळ्यांच्या मधून खाली नेली होती. शिसं मऊ असतं, नखानंसुद्धा त्यावर ओरखडा उठतो. एवढं ध्यानात ठेवा.

अमरावतीच्या एका धर्मादाय मंडळाचा मी फिरता दवाखाना झाले. चांदूर बाजारपासून शेंदूरजनाघाटापर्यंतच्या गावांत मी जायची. ताहेरमियाँ मला चालवत. खुशालराव डॉक्टर होते. मोठे भले गृहस्थ, पण कुठलीही अडचण पुढं आली की म्हणायचे, "पाहू." सुंदराबाई नर्स होत्या. माझा भोंगा ऐकला की बायामाणसं लेकरं कडेवर घेऊन धावत यायची. कोणी माझ्या दाराला हळदकुंकू लावायचं. ते कौतुकाचे दिवस होते.

सुंदराबाईंचा सगळ्यात जास्त जीव त्या नळावर होता. या गोष्टीच्या दोन वर्षं आधी, छप्पन साली, त्यांच्या घरानं बुद्धधर्म स्वीकारला होता. पण गावच्या विहिरींना ते कोणी सांगितलं नव्हतं. ज्या गावात त्या जखमा धुवायच्या, त्याच गावात त्यांना विहिरीत पोहरा सोडता येत नव्हता. माझा नळ मात्र कोणालाही काही विचारत नव्हता. त्या चावी फिरवत, साबण लावून कोपरापर्यंत हात धूत आणि मग पुढच्या रोग्याला बोलावत.

त्या वर्षी मंडळाचे चिटणीस पंजाबराव (सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत) यांनी मला नवं इंजिन दिलं. दान दिलं की पाटी लावायची, ही आपल्याकडची रीत. पंख्याच्या पात्यावरसुद्धा नाव असतं. दसऱ्याला पितळी पाटी आली : 'कै. मैनाबाई यांचे स्मरणार्थ'. मैनाबाई म्हणजे पंजाबरावांच्या आई. पाटी दाराशी लावायचं ठरलं होतं. पण पंजाबराव म्हणाले, "दारातून मानूस भरकन जाते. हात धुताना उभं राह्यते. नळाखाली, तसराळ्याच्या जरा खाली लावा, म्हणजे वाचल्याशिवाय सुटका नाही."

चार लांब स्क्रू पिळून पाटी बसली. टाळ्या वाजल्या. खालचा उजवा स्क्रू फळीच्या पलीकडं गेला आणि काहीतरी मऊ वस्तूत रुतला. ते फक्त मला कळलं.

आधी काही झालं नाही, कारण भोकात स्क्रू घट्ट होता. रस्त्याचे हिसके बसू लागले तसा तो सैल झाला. मग एका सकाळी मागच्या दाराजवळच्या कोपऱ्यात, औषधांच्या कपाटाखाली, तळहाताएवढी ओल दिसली. दुसऱ्या दिवशी ती वाढली. कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या कापसाच्या गुंडाळ्या दमट झाल्या, पुड्यांतल्या भुकट्यांचे खडे झाले.

ताहेरमियाँ टपावर चढले. "बाई, टाकी तं बाहेरून सुकी खट हाय. सांध्यावरून हात फिरवून पाह्यला."

"पाऊस?"

"दिवाळी झाली नं बाप्पा! पाऊस कोठचा?"

त्यांनी माझ्या पोटाखाली निजून रेडिएटर पाहिला. कॅनव्हासची पाण्याची पिशवी आतून काढून बाहेर टांगली. ओल हटेना. कोणाच्या डोक्यात येत नव्हतं की पाणी जिथं गळतं तिथंच दिसतं असं नाही. ते माझ्या भिंतीच्या आत उतरत होतं, फळ्यांखालच्या तुळईवरून सरकत मागं जात होतं आणि वाट संपली की त्या कोपऱ्यात वर येत होतं. मला त्याचा प्रत्येक थेंब जाणवत होता. तुळई कुजायला लागली होती. दोन फळ्यांत कोंडलेलं ते पाणी आणि त्याला कोंडून बसलेली मी. सांगणार कसं?

सुंदराबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी अंदाज करणं सोडून दिलं. एक दिवस नळ अजिबात उघडला नाही. घरून आणलेल्या घागरीतलं पाणी वापरून गाडीबाहेर हात धुतले. दुसऱ्या सकाळी कोपरा कोरडा. मग नळ वापरला, कोपरा ओला. त्यांनी हे डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी मंडळाच्या सभेत सांगितलं, आणि सगळं उलटंच झालं.

पंजाबराव म्हणाले, "म्हंजे बाई पानी सांडून राहिल्या. नळ बंद करा. हात गावच्या विहिरीवर धुवा. विहिरी काय कमी हायेत?"

नळाची चावी तारेनं बांधली गेली. आणखी नुकसान झालं तर दुसरी नर्स पाहू, असंही ठरलं.

मित्रांनो, त्या आठवड्यातली एक दुपार मला अजून आठवते. चांदूर बाजारच्या पलीकडं एक गाव होतं. सुंदराबाईंनी एका लेकराचं गळू साफ केलं. हात भरले होते, घरून आणलेली घागर कधीच संपली होती. पुढं बाळंतीण उभी होती. तशा हातांनी त्या तिला शिवेनात. विहिरीवर गेल्या आणि काठापासून दूर थांबल्या. पाणी भरणारी एक म्हातारी म्हणाली, "वरून टाकतो बाई, खाली धरा हात. माह्या घागरीले लागू नका." पाणी उंचावरून पडलं. थोडं हातावर, बरंचसं लुगड्यावर.

ताहेरमियाँ धावत आले. "मी काढतो नं पानी! मले काहून नाही सांगतलं?"

"आज तुमी काढान, ताहेरभाई. उद्या तुमी सुट्टीवर असान."

त्या परत आल्या आणि त्यांनी वाकून तसराळ्याची नळी भिंतीत कुठं शिरते ते पाहिलं. मग कपाटातून लाल पोटॅशची बाटली काढली, पेलाभर पाण्यात चार खडे विरघळवले आणि ते गर्द गुलाबी पाणी तसराळ्यात ओतलं.

"डाक्तरसाहेब, इकडं या जरा."

पितळी पाटीच्या खालच्या कडेवर, उजव्या स्क्रूपाशी, एक गुलाबी थेंब जमला. तो मोठा झाला, ओघळला आणि जमिनीकडं निघाला. ताहेरमियाँ मागच्या कोपऱ्यात उकिडवे बसले होते. थोड्या वेळानं ते ओरडले, "आली! इथी बी आली गुलाबी!"

डॉक्टरांनी पाटीवर बोट ठेवलं. त्यांना क्षणात सारं उमगलं. स्क्रू काढायचा, नळीचं भोक डाग देऊन बुजवायचं, संपलं. तासाभराचं काम. पण त्यासाठी पंजाबरावांच्या आईची पाटी उतरवावी लागणार होती. इंजिन त्यांचं, डिझेल त्यांच्या शब्दावर. डॉक्टरांनी बोट मागं घेतलं.

"पाहू," ते म्हणाले.

त्यानंतर किती गावं झाली, किती विहिरी झाल्या! सुंदराबाई रोज विचारत नव्हत्या. फक्त हात धुवायची वेळ आली की डॉक्टरांकडं एकदा पाहत आणि खाली उतरत. डॉक्टर रोग्याची नाडी पुन्हा मोजत बसत. ताहेरमियाँ पुटपुटत, "दवा मालूम हाय, पन बाटलीचं बूच काढाची हिंमत नाही." लाकडावरचा गुलाबी ओघळ वाळून तपकिरी झाला. पाटी रोज चकाकत होती, कारण पंजाबरावांनी ती चिंचेनं घासायची ताकीद दिली होती.

मित्रांनो, मला तुमच्याकडून एवढंच हवं आहे. वस्तूची निगा म्हणजे नुसतं घासणं-पुसणं नाही. ओल दिसली तर ती कुठून आली ते शोधा, आणि सापडलं की बोला. मी लाकडाची आहे, माझा नाइलाज होता. तुम्ही लाकडाचे नाही.

पौषात शेंदूरजनाघाटला शिबिर होतं. संत्र्याचा तोडा सुरू होता. बागेच्या कडेला माझ्याभोवती रांग लागली होती. पंजाबराव अमरावतीहून दोन पाहुणे घेऊन आले, मंडळाचं काम दाखवायला. पाहुणे संत्री सोलत सोलतच आत चढले. पंजाबरावांनी पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांचा आवाज जरा ओलसर झाला. आईवर माया होती त्यांची, ते खोटं नव्हतं.

एका पाहुण्याचे हात रसानं चिकट झाले होते. त्यांनी नळाची चावी धरली. ती फिरेना.

"हे काय? दवाखान्यात हात धुवाले पाणी नाही?"

पंजाबराव हसले. "नळ बांधून ठेवला. या आमच्या बाई सारी गाडी ओली करून ठेवतात. घरी नळ नसला की असं होते." पाहुणेही हसले. "जा हो बाई, विहिरीवरून तांब्याभर आणा पाहुण्यासाठी."

सुंदराबाई जागच्या हलल्या नाहीत. विहीर समोरच होती. तिच्यावर पाणी भरणाऱ्या बायका हात थांबवून इकडं पाहत होत्या.

"मी आणलेलं पाणी चालन का पाहुण्याले?" त्या हळूच म्हणाल्या. "विहिरीले तं मी चालत नाही, भाऊसाहेब."

हसू थांबलं. सुंदराबाईंनी डॉक्टरांकडं पाहिलं. रोज पाहत तसं, एकदाच.

डॉक्टरांनी रोग्याचा हात खाली ठेवला. सवयीनं त्यांचे ओठ त्या जुन्या शब्दासाठी उघडले. मला तो पाठ होता, ताहेरमियाँना पाठ होता. पण या वेळी तो आला नाही. त्यांनी तपकिरी ओघळाकडं पाहिलं, मग पंजाबरावांकडं. आणि दाराबाहेरच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"भाऊसाहेब, गाडी बाईंनी ओली केली नाही. तुमच्या पाटीच्या स्क्रूनं केली. मले तीन आठवड्यांपासून माहीत आहे. ताहेरमियाँ, पेचकस आणा. पाटी काढा."