विरजणाशेजारचा उंदीर

शिवलीलाचं पत्र होळीच्या सुमारास आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. पत्रात तिच्या कामाबद्दल बरंच काही होतं, प्रश्न मात्र एकच : "अज्जा, अज्जीनं इंजेक्शन घेतलं का?" उत्तर लिहायला मी कितीदा तरी बसलो. 'नाही' लिहून होई, पण त्यापुढे 'माझ्यामुळे' लिहायचा धीर होत नसे. मग तो कागद टोपलीत जाई.

शिवलीला माझ्या थोरल्या बहिणीची, मल्लव्वाअक्काची नात. पुण्याजवळच्या औषधाच्या कारखान्यात नोकरीला आहे. तिथे मोठाल्या पोलादी टाक्यांत प्राण्यांच्या पेशी वाढवतात. त्या पेशी औषध तयार करतात, मग ते गाळून, शुद्ध करून इंजेक्शनात भरतात. फोन न करता तिने पत्र लिहिलं, कारण आमच्या घरात फोन एकच आहे. तो अक्काच्या कमरेच्या पिशवीत असतो आणि अक्का स्पीकर लावल्याशिवाय बोलत नाही. शिवलीलाने आजवर नाकारलेलं प्रत्येक स्थळ आमच्या गल्लीला नावागावासकट पाठ आहे.

अक्काची बोटं संधिवाताने सुजून आखडली होती. भाकरी थापणं सुटलं, त्याचं तिने मनाला लावून घेतलं नाही. माझ्या हातच्या भाकरी ती मुकाट्याने खायची, शिक्षा भोगल्यासारख्या. पण आम्हा लिंगायतांच्या सकाळच्या पूजेला गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यावं लागतं आणि तिचा तळहात उघडेना. लिंग घरंगळायचं. म्हणून रोज पहाटे शेजारी बसून तिच्या हाताला मी खालून हात लावायचो. "तुझा हात का थरथरतुय?" ती डोळे मिटूनच विचारायची. माझी भक्ती कमी पडते हे तिला हातातून कळत असावं, असं मला वाटायचं.

सूज उतरली तर बोटं उघडतील, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी जे औषध लिहून दिलं ते शिवलीलाच्याच कारखान्यातलं निघालं. अक्का खूश झाली. खोका आला आणि आम्ही तो फ्रीजमध्ये विरजणाशेजारी ठेवला.

इथून पुढचं सगळं माझ्यामुळे झालं. मी जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली. छापलेलं काही दिसलं की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, ही खोड अजून गेलेली नाही. खोक्यातला घडीचा कागद उलगडून मी अक्काला मराठीत सांगायला लागलो. बरंचसं ठीक गेलं. मग ती ओळ आली : हे औषध चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशींमध्ये तयार केलेलं आहे. हॅमस्टर म्हणजे काय, असं तिने विचारलं. त्या क्षणी मला गप्प बसता आलं असतं. मी उठून शब्दकोश काढला.

"उंदरासारखा एक प्राणी," मी वाचलं.

अक्काने खोका आपल्यापासून लांब सरकवला. मग म्हणाली, "चन्नू, जन्मात अंड्याला हात लावला न्हाय मी. आन् तू माझ्या अंगात उंदीर घालतुयास?"

उंदरांशी आमचं आधीपासून वैर. माझ्या पुस्तकांच्या मांडणीखाली अक्का रोज संध्याकाळी खोबऱ्याचा तुकडा अडकवून सापळा लावायची. सापडलेला उंदीर लांब मैदानात सोडून यायचं काम माझ्याकडे.

खोका परत करावा, असं काही ती म्हणाली नाही. नातीची वस्तू होती. तिने विरजण तिथून हलवलं. हे विरजण आमच्या आईच्या हुपरीच्या घरचं. अक्काने ते लग्नात सासरी नेलं आणि भावजी गेल्यावर माझ्याकडे राहायला आली तेव्हा परत आणलं. ते विरजण, त्याच्यामागून दूध आणि लोणी, सगळं शेजारच्या बायडाबाईंच्या फ्रीजमध्ये गेलं. आमच्या फ्रीजमध्ये औषधाचा खोका एकटाच थंड होत राहिला.

अक्काची समजूत घालायची म्हणून मी चार पुस्तकं वाचून टिपणं काढली. पण तिच्यासमोर उभा राहिलो की भाकरी करू का, एवढंच तोंडून निघायचं.

मग एका रविवारी अक्का स्वतःच विरजण आणायला गेली आणि वाटी पदराखाली धरून तरातरा परत आली. मागोमाग बायडाबाई. विरजणाला लागून मटणाचं पातेलं होतं.

"झाकण हुतं की काकी पातेल्यावर," बायडाबाई म्हणाल्या. "रविवारी आमच्यात काय शिजतंय ते गल्लीला वासानं कळतंय, तुमालाच कसं म्हायती न्हाय? बोकडाशेजारी नको तर उंदराशेजारी ठिवा. तिसरा फ्रीज माझ्या म्हायेरी हाय, पेठ वडगावला."

अक्का वाटी मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसून राहिली. विरजण टाकून द्यायला तिचा हात होईना. मला टिपणांतलं एकही वाक्य आठवेना, म्हणून जे समोर होतं त्याबद्दलच विचारलं.

"अक्का, हे विरजण मुळात कुणाच्या दुधाचं?"

"आईच्या चंद्री म्हशीचं. तुला ठावं न्हाय व्हय?"

"चंद्री कुठाय आता?"

"खुळा हाईस का? तू शाळंत हुतास तवाच मेली."

"मग आपण काल खाल्लं ते दही चंद्रीचं का?"

ती वाटीकडे बघायला लागली. मी घाबरत घाबरत पुढे बोललो. तो हॅमस्टरही असाच कधीचा गेला. त्याच्या पेशींचं विरजण तेवढं आजवर लावत आलेत. आणि इंजेक्शनात पेशीसुद्धा नसतात, त्या काढून टाकतात, त्यांनी तयार केलेलं औषध फक्त उरतं.

"खातंय काय ते, तुझं विरजण?" अक्काने विचारलं.

याच प्रश्नाची मला भीती होती. मी शिवलीलाचं पत्र आणून त्यातला भाग वाचून दाखवला. आमच्याकडे आता प्राण्यांपासूनचं काही घालत नाहीत, तिने लिहिलं होतं. साखर, क्षार, जीवनसत्त्वं, अमिनो आम्लं, एवढ्यावर पेशी वाढतात. तिथे थांबावं की नाही? मला थांबवेना. पूर्वी वासराच्या रक्तातला द्रव घालायचे आणि काही ठिकाणी अजूनही घालतात, हेही मी सांगून टाकलं.

बायडाबाईंनी कपाळाला हात लावला. "अण्णा, तुमाला गप बसायला कुणी शिकवलंच न्हाय व्हय?"

अक्काने बायडाबाईंकडे एक नजर टाकली. "लीलाच्या हितलं साखर-मिठावर राहतंय न्हवं?" ती म्हणाली. "मग हिच्या घरापरास बरं. ठेव ती वाटी फ्रीजात. आन् डॉक्टरला सांग, उद्या येती म्हणून."

तेव्हा तरी मी उत्तर लिहायला हवं होतं. पण गुण आला नाही तर? घाईने लिहिलं आणि पोरीला खोटी आशा लावली तर? मी थांबलो. आठवड्यामागून आठवडा अक्का इंजेक्शन घेत राहिली आणि सूज हळूहळू उतरत गेली. एका पहाटे मी नेहमीसारखा हात पुढे केला, तर अक्काने डोळे उघडले.

"हात काढ," ती म्हणाली.

तिचा तळहात सपाट झाला नव्हता, पळीसारखा खोलगट होता. पण लिंग त्यात स्थिर बसलं. मी हात मांडीवर ठेवला. तो तिथेही थरथरत होता. म्हणजे प्रश्न भक्तीचा नव्हता बहुधा.

त्याच संध्याकाळी अक्काने सापळा माळ्यावर टाकला. औषधाच्या भाऊबंदाला आता या घरात कुणी धरायचं नाही, असं तिने जाहीर केलं. महिन्याभरात माझ्या मांडणीचा सगळ्यात खालचा कप्पा कुरतडून झाला.

मग मात्र मी एका बैठकीत उत्तर लिहिलं : "घेतलं. हात उघडला. पूजा एकटी करते. आता माझं एक काम कर. हॅमस्टर आणि घरातला उंदीर यांचं नातं फार लांबचं आहे, हे अज्जीला फोनवर सांग. स्पीकर आहेच, गल्लीलाही कळू दे."

पाकीट टेबलावर ठेवून झोपलो. सकाळी त्याचा कोपरा कुरतडलेला होता. नवं पाकीट घ्यावं, आणि घेतोच आहोत तर मजकूरही एकदा नजरेखालून घालावा, म्हणून मी चष्मा शोधायला लागलो.

"परत लिवाय बसलास तर दिवाळी हुईल," अक्का म्हणाली. तिने पाकीट उचललं, माझ्यापुढे चालत कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेली आणि आपल्या बोटांनी आत सोडलं.

पाकीट तळाशी पडल्याचा आवाज आला आणि पिनकोड बरोबर घातला होता की नाही, अशी मला शंका आली.