सैन्याखालची भुई

राजवर्धनच्या पोटात दुखायला लागलं ते गेल्या श्रावणात, सांगलीत, आणि त्या दुखण्याचं नाव होतं शिवांजली. म्हणजे त्याची स्वतःची बायको. बायकोवर कुणी जळतं का? जळतं की. न जळायला काय झालं!

त्याचं साताऱ्यात रंगाचं दुकान. दिवसभर लोकांना भिंतींचे रंग विकायचे आणि संध्याकाळी शटर ओढलं की अंगठ्याएवढे धातूचे सैनिक रंगवत बसायचं, हा त्याचा नाद. सातवाहनांचं अख्खं सैन्य त्यानं रंगवलं होतं: भालाईत, तिरंदाज, घोडेस्वार, हत्तीसुद्धा. दर श्रावणात सांगलीतल्या एका हॉलमध्ये ह्या नादाची माणसं जमायची, टेबलावर फासे टाकून जुन्या लढाया खेळायची, आणि ज्याचं सैन्य सगळ्यांत देखणं त्याला ढाल मिळायची. ढाल राजवर्धनचीच, हे ठरल्यासारखं होतं. इतक्या बारीक मिशा काढणारा हात सातारा-सांगलीत दुसरा नाही, असं लोक म्हणायचे. लोकांनी नाही म्हटलं तर तो स्वतः म्हणायचा.

मग त्यानं एक चूक केली. सैनिक ज्या लाकडी चकत्यांवर उभे करतात, त्यांच्यावर माती आणि गवत लावायचं काम मोठं किचकट. ते त्यानं बायकोकडं ढकललं. "तू आपलं खालचं बघ," म्हणाला. शिवांजलीनं खालचं बघितलं. दुकानातली पुट्टी मळून चकत्यांवर थापली, वर कृष्णेची वाळू चाळून टाकली, गाळलेल्या चहाची पूड वाळवून तिचा पाचोळा केला, सुतळी पिंजून गवत लावलं. आणि पुट्टी ओली असतानाच एकेक सैनिक टाचा बुडेपर्यंत आत दाबला.

"पाय रुतल्याबिगर माणूस उभा हाय असं वाटतच न्हाई," म्हणाली.

गेल्या वर्षी ढाल मिळाली, नाही असं नाही. पण पंच होते पलूसचे नानासो, पलटणीतनं सुभेदार होऊन आलेले. ते भिंग घेऊन वाकले ते मिशांवर नव्हे, एकदम खाली. "काय रं गड्या, ही भुई कुणी केली?" झालं! मग जो तो भुईवरच वाकायला लागला. मिशा राहिल्या बाजूला. राजवर्धन सगळ्यांसमोर दात काढून हसत होता आणि आत नुसता धुमसत होता.

वर्षभर ते त्याच्या मनातनं जाईना. सांगलीचं कुणी दुकानात आलं की आधी विचारायचं, "वैनी काय नवीन करत्यात?" हा हातातला डबा आपटून ठेवायचा. बायकोनं आमटी झकास केली तरी ह्याला घास गोड लागेना. हिला सगळंच कसं जमतं, हाच त्याला राग.

यंदा नागपंचमीला शिवांजली माहेरी गेली, शिराळ्याला. पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, भुईला धारदार काही लावायचं नाही, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. नेमकं त्याच दिवशी ह्या बहाद्दरानं दाढीची पत्ती घेतली आणि एकेक सैनिक तिच्या भुईतनं उपटून काढला. चकत्या रंगाच्या रिकाम्या डब्यात भरून दुकानामागं ठेवल्या. फेकून द्यायची छाती मात्र झाली नाही. मग गेला चुलत्याच्या तालमीत. पंचमीच्या कुस्त्यांसाठी हौद्यातली लाल माती नुकतीच कसून तयार केलेली, लोण्यासारखी मऊ. "बघतोच आता कुणाची भुई भारी ते!" म्हणत पिशवीभर माती आणली, नव्या चकत्यांवर थापली आणि त्यावर सैन्य गोंदानं चिकटवलं. दिसायला एकदम फक्कड.

आता तालमीच्या मातीत काय असतं? तेल, ताक, हळद, लिंबू. "भिंत तेलकट असली की वर काय धरत नाही, आधी पुसून घ्या," असं गिऱ्हाइकाला रोज ओरडून सांगणारा माणूस हा! पण जळफळाट चढला की अक्कल गहाण पडते.

शिवांजली परत आली. तिनं सैन्य बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं.

"माझी भुई कुठं हाय?"

"जुनी झाली होती."

ती तशीच दुकानामागं गेली. रविवारी सांगलीला निघताना तिच्या मांडीवर रंगाचा डबा होता. राजवर्धननं तो ओळखला आणि न बघितल्यासारखं केलं.

हॉलमध्ये त्यानं सैन्य मांडलं. आधी एक तिरंदाज कलंडला. त्याला उभा करेस्तोवर शेजारचे भालाईत आडवे झाले, आणि मग हत्तीनं लोळण घेतली. त्याच्या पायाखालून मुंग्यांची रांग निघाली.

"आवं, लढाईच्या आधीच गारद?" कुणीतरी म्हणालं, आणि हॉल हसला.

राजवर्धनला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. शिवांजलीनं डबा उघडला. "थांबा, ह्यात बसवू," म्हणत तिनं आपल्या चकत्या टेबलावर ओळीनं मांडल्या. तेवढ्यात नानासो आले आणि भिंग लावून वाकले.

प्रत्येक चकतीवर पायांचे ठसे होते. माणसांचे, घोड्यांच्या खुरांचे, हत्तीचे चार गोल खड्डे. वर कुणीच नव्हतं.

"पोरी, हात लावू नगंस." नानासोंनी तिचा हात अडवला. "लढाई झाली, पोरं गेली, भुई तेवढी ऱ्हायली. असलं रान म्या बघितलंय." त्यांनी भिंग खाली ठेवलं. कुणी हसेना. "यंदाची ढाल ह्या भुईला. सांग रं गड्या, नाव कुणाचं घालू?"

राजवर्धन आडवे झालेले भालाईत गोळा करायला लागला. तेव्हा शिवांजली शांतपणे म्हणाली, "आवं काका, त्यांचंच घाला की. त्यांनी उपटलं म्हणून तर ठसे दिसले."

हॉल पुन्हा हसला. आता मात्र राजवर्धनला राहवेना. "तिचं घाला," तो कसाबसा म्हणाला, "तिचंच हाय ते."

पण खेळ तर व्हायचा होता, आणि सैन्य उभं राहायचं तर दुसरी भुई नव्हती. त्यानं तिच्याकडं न बघता चकत्या पुढं ओढल्या आणि हत्ती उचलला. पत्तीनं इतकं खरवडलं होतं, एखादा तरी ठसा बिघडला असेल, एकाचा तरी पाय बसणार नाही, अशी त्याला अगदी मनापासून आशा होती. हत्ती बसला. भालाईत बसले, तिरंदाज बसले. शेवटच्या घोडेस्वारापर्यंत त्यानं वाट बघितली. तोही चपखल बसला.